व्हायोलिन, पियानो आणि साथीचा प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर बडोद्यात व्हायोलिन आणि पियानो यांची एक छोटी मैफल झाली. मोझार्टचा ई मायनर सोनाटा (सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठी काही भागांत लिहिलेली रचना) आणि बीथोवनचा एफ मेजरमधला, ‘स्प्रिंग’ या नावाने ओळखला जाणारा सोनाटा, एवढ्या दोनच रचना त्या संध्याकाळी वाजवल्या गेल्या. त्यानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील पाच या वेळच्या सदरात घेतली आहेत. पत्रे लिहिणारे बहुतेक जण आपले, म्हणजे ख्याल, ठुमरी आणि नाट्यगीते ऐकत वाढलेले आहेत, त्यामुळे उत्तरेही त्याच कानाला समजतील अशी देण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न : मी गेली चाळीस वर्षे नेमाने गाणे ऐकत आलो आहे. या मैफलीत व्हायोलिन मुख्य आणि पियानो साथीला, अशी समजूत करून मी बसलो. पण पियानो काही केल्या मागे राहीना. दुसऱ्या रचनेत व्हायोलिनने सुरेख चाल धरली आणि ती जेमतेम पुरी होते न होते तोच पियानोने ती काढून घेतली. मग व्हायोलिन बिचारे खालच्या स्वरांवर नुसते घुटमळत राहिले. आपल्याकडे पेटीवाल्याने असे केले असते तर बुवांनी त्याच्याकडे वळून पाहिले असते. या संगीतात मुख्य कलाकार समजायचा तरी कोणाला?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण ऐकलेत ते अगदी बरोबर ऐकलेत. ‘स्प्रिंग’ सोनाट्याच्या आरंभी व्हायोलिन दहा मात्राखंड चाल वाजवते आणि पियानो तिच्याखाली मोडून मोडून स्वर देत राहतो. अकराव्या खंडापासून चाल पियानोकडे जाते आणि पियानो जे काम करत होता ते व्हायोलिन उचलते. ही अदलाबदल बीथोवनने मुद्दाम, पहिल्याच पानावर, ऐकणाऱ्याच्या लक्षात येईल अशी मांडली आहे. आपल्याला जे आगाऊपणाचे वाटले तोच त्या रचनेचा विषय आहे.

आपली समजूत मात्र ज्या दिशेने चुकली ती दिशा मोठी विलक्षण आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रकारच्या रचनेत साथीदार म्हणून ओळखले जाई ते व्हायोलिन. मोझार्ट आठ वर्षांचा असताना, १७६४ मध्ये, पॅरिसमध्ये त्याचे जे पहिले सोनाटे छापले गेले, त्यांच्या मुखपृष्ठावर ‘व्हायोलिनच्या साथीने वाजवता येतील असे क्लॅव्हसँचे (म्हणजे पियानोआधीच्या तारांच्या पेटीवाद्याचे) सोनाटे’ अशा अर्थाचा फ्रेंच मजकूर होता. म्हणजे व्हायोलिन हाताशी असले तर घ्यावे, नसले तरी अडत नाही. आपण ऐकलेला ई मायनर सोनाटा १७७८ मधला. तोही पॅरिसमध्येच सहा सोनाट्यांच्या संचात छापला गेला आणि त्या संचावरही ‘व्हायोलिनच्या साथीसह’ असेच शब्द होते. बीथोवनच्या १७९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या तीन सोनाट्यांवरसुद्धा आधी पियानोचे नाव आहे आणि मग ‘एका व्हायोलिनसह’ असे येते.

यामागचे कारण घरगुती होते. सुखवस्तू घरांत मुली पियानो किंवा त्याआधीचे तारांचे पेटीवाद्य शिकत, संध्याकाळी कोणी पाहुणा व्हायोलिन घेऊन येई, आणि प्रकाशक अशा घरांसाठी वह्या छापत. शिवाय त्या काळचा पियानो आजच्यासारखा नव्हता. त्याला लोखंडाची अखंड चौकट नव्हती, लाकडी सांगाड्यावर बारीक तारा ताणलेल्या असत, हातोड्यांना चामडे लावलेले असे आणि त्याचा स्वर उमटताच विरू लागे. व्हायोलिनचा स्वर गज फिरत आहे तोवर टिकतो, वाढवताही येतो. पियानोच्या चालीला थोडा टिकाऊपणा यावा म्हणून तिच्याबरोबर व्हायोलिन घालावे, ही त्या साथीमागची मूळ कल्पना होती.

मोझार्टने ती चौकट आतून बदलली. मुखपृष्ठावरचे शब्द जुनेच राहिले, पण आतल्या रचनेत व्हायोलिन बोलू लागले. १७८४ साली रेजिना स्ट्रिनासाक्की या व्हायोलिनवादक स्त्रीसाठी त्याने बी फ्लॅट मेजरमध्ये जो सोनाटा लिहिला, त्यात तर दोन्ही वाद्यांना सारखाच मान आहे. बीथोवनने पुढे दहा सोनाट्यांत हा सारखेपणा इतका ताणला, की १८०३ मधल्या ‘क्रॉइट्झर’ सोनाट्यात दोघे एकमेकांशी झगडत आहेत असे वाटते. त्याचा पहिला प्रयोग व्हिएन्नातल्या ऑगार्टन बागेत २४ मे रोजी सकाळी आठ वाजता झाला. व्हायोलिनवर जॉर्ज ब्रिजटॉवर होता, पियानोवर स्वतः बीथोवन. पियानोने घेतलेली एक जलद लहर ब्रिजटॉवरने आपल्या मनाने व्हायोलिनवर उचलली, तेव्हा बीथोवन जागेवरून उठला, त्याने त्याला मिठी मारली आणि पुन्हा एकदा वाजवायला सांगितले, अशी आठवण ब्रिजटॉवरने लिहून ठेवली आहे. जागच्या जागी सुचलेल्या उपजेला दिलेली ही दाद आपल्या मैफलीत शोभून दिसली असती.

तेव्हा मुख्य कोण, हा प्रश्न प्रत्येक ओळीला नव्याने विचारावा लागतो, आणि तो तसा विचारत राहणे हीच या संगीताची खरी गोडी आहे असे मला मनापासून वाटते. एकदा पाने उलटण्यासाठी मी पियानोवादकाच्या डाव्या हाताला बसलो होतो. त्याच्यापुढच्या वहीत दोन्ही हातांच्या दोन ओळी होत्या आणि त्यांच्यावर बारीक अक्षरात व्हायोलिनची तिसरी ओळ छापलेली होती. व्हायोलिनवादकापुढे मात्र त्याची एकट्याचीच ओळ होती. म्हणजे पियानोवादकाला दोघांचे सगळे दिसत असते आणि व्हायोलिनवादकाला दुसऱ्याचे कानानेच ओळखावे लागते. प्रत्येक नव्या वाक्याआधी व्हायोलिनवादक नाकाने श्वास घेत होता, व्हायोलिनचे टोक इंचभर वर जात होते आणि त्याच क्षणी पियानोवाल्याची बोटे पट्ट्यांवर उतरत होती. चाल ज्याच्याकडे नव्हती तोच प्रत्येक वेळी अधिक सावध होता. पुढच्या वेळी आपण चाल सोडून, क्षणभर ती ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : बीथोवनच्या रचनेतल्या तिसऱ्या, अगदी छोट्या भागात व्हायोलिनवादक सतत मागे पडत होता. पियानो पुढे आणि हे एका मात्रेने उशिरा. मी तबला शिकलेली असल्यामुळे मला ते फार खटकले. एवढ्या तयारीच्या कलाकाराकडून अशी चूक कशी झाली?
— एक वाचिका, रावपुरा, बडोदे

उत्तर : आपल्या तबल्याच्या तालमीचे अभिनंदन करायला हवे, कारण बीथोवनने नेमके हेच आपल्याला ऐकू यावे म्हणून लिहिले आहे. हा भाग तीन मात्रांच्या जलद लयीत आहे आणि सगळा मिळून मिनिटाहून थोडाच अधिक चालतो. आधी पियानो एकटा आपली टुणटुणती चाल सांगतो. मग तो ती पुन्हा सांगू लागतो तेव्हा व्हायोलिन त्यात शिरते, पण एक मात्रा उशिरा. पियानोने टाकलेले पाऊल ते मागाहून टाकत जाते. चुकून मागे पडणारा माणूस केव्हा तरी घाई करून जुळवून घेतो, हे वाद्य मात्र प्रत्येक मात्रेला तेवढेच अंतर राखते. मधल्या तुकड्यात दोघे एकत्र सरळ धावत वर जातात, आणि पहिला तुकडा परतला की पुन्हा तीच लपाछपी सुरू होते.

पेटीची साथ आपण ऐकतो तेव्हा पेटीवाला गायकाच्या मागोमाग, क्षणार्धाच्या अंतराने येत असतो, आणि ते आपल्याला मुळीच खटकत नाही, कारण गायक पुढे काय घेणार हे त्याला आधी ठाऊक नसते. येथे सगळे आधीच लिहिलेले असूनही बीथोवनने ते अंतर मुद्दाम ठेवले आहे. सराव करणाऱ्यांना हा भाग फार अवघड जातो, कारण दोघांपैकी एकाचाही पाय नकळत दुसऱ्याकडे ओढला गेला तर गंमतच निघून जाते. आपल्याला चूक वाटावी इतके ते अंतर स्पष्ट राहिले, याचा अर्थ त्या संध्याकाळी ते फार चांगले वाजले.

प्रश्न : तानपुरा नसताना या संगीतात षड्ज कुठे शोधायचा? मोझार्टची रचना ऐकताना मी मनात षड्ज धरून बसलो होतो, पण थोड्या वेळाने तो हातातून निसटला. त्याशिवाय पियानोचा गंधार मला सारखा चढा लागत होता. हा माझ्या कानाचा दोष आहे का?
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : दोन्ही गोष्टींत आपला कान निर्दोष आहे. दुसऱ्या गोष्टीचे उत्तर थोडक्यात आधी देतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार ३८६ सेंटांच्या आसपास असतो, आणि पियानोचा ४००. सप्तकाचे बारा अगदी समान भाग केल्यामुळे हा फरक येतो. आपल्या पेटीतही तो असतोच. १९१६ साली याच बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा श्रुती आणि पेटी यांवरून विद्वानांमध्ये जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. पियानोचा पंचम मात्र नैसर्गिक पंचमापासून दोनच सेंट दूर आहे, त्यामुळे तो आपल्याला खटकला नाही. व्हायोलिनवर पडदे नसल्यामुळे वादकाला स्वर हवा तसा लावता येतो. चांगला वादक पियानोबरोबर एकत्र स्वर लावताना त्याच्याकडे सरकतो आणि एकट्याची चाल असेल तेव्हा स्वतःच्या कानाने जातो. हे सरकणे ऐकू येऊ लागले की फार आनंद होतो.

आता षड्जाविषयी. आपल्या हातून षड्ज निसटला, कारण तो खरोखरच हलवला गेला होता. ई म्हणजे आपली पांढरी तीन. ई मायनर म्हणजे पांढरी तीनवर षड्ज धरून गंधार, धैवत आणि निषाद कोमल, साधारण आसावरी थाटाचे स्वर. त्यात षड्जाकडे जाताना अनेकदा शुद्ध निषाद येतो. येथे राग शोधू नये, केवळ स्वर ओळखण्यापुरता हा आधार घ्यावा. पहिला भाग सुरू होतो तेव्हा दोन्ही वाद्ये एकच चाल, पियानोचे दोन्ही हात आणि व्हायोलिन मिळून, खाली कुठलीही भर न घालता, उघडी वाजवतात. षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि वरचा षड्ज अशी ती चढते. मोझार्टने तानपुऱ्याचे काम या उघड्या चढणीला दिले आहे, आणि तेवढ्या चार स्वरांत षड्ज मनात पक्का बसतो.

पुढे काही वेळाने पियानोचे आधारस्वर हळूहळू दिशा बदलतात आणि षड्ज पांढरी पाचवर जातो. तेथे दुसरी चाल येते. तिचे सगळे स्वर शुद्ध आहेत, बिलावलसारखे, आणि मन हलके होते. आपल्याकडे मूर्च्छनाभेदाने जे साधतात त्याच्याशी याचे दूरचे नाते आहे. मात्र आपला गायक तानपुरा कायम ठेवून क्षणभर दुसऱ्या षड्जाचा भास देतो आणि परततो, तर सोनाट्यात मुक्कामच हलतो आणि पियानोचे स्वरपुंज त्या नव्या षड्जाची साक्ष देत राहतात.

खरी गोष्ट शेवटाकडे घडते. मधल्या खळबळीनंतर आरंभीची चाल परत येते, पण या वेळी ती उघडी राहत नाही. व्हायोलिन ती वाजवत असताना पियानो तिच्याखाली जड, तुटक स्वरपुंज ठेवतो. नंतर ती दुसरी, हसरी चालही परत येते, आणि ती येते पांढरी तीनवर. चाल तीच, वळणे तीच, पण गंधार कोमल झालेला. आधी जी गोष्ट आनंदाने सांगितली होती तीच आता त्याच शब्दांत, वेगळ्या चेहऱ्याने ऐकू येते. सगळे सोनाटे साधारण या वाटेने जातात: दोन मुक्कामांची ओळख, मध्ये भटकंती, आणि शेवटी दोन्ही चालींना एकाच षड्जावर आणणे. पण मायनरमध्ये हे परतणे फार महागात पडते, आणि या सोनाट्यात ते जितके स्पष्ट ऐकू येते तितके क्वचितच येत असेल.

मोझार्ट आईला बरोबर घेऊन पॅरिसला गेला होता आणि ३ जुलै १७७८ रोजी तिचे तेथेच निधन झाले. हा सोनाटा त्याच वर्षातला असल्यामुळे त्यातल्या दुःखाचा संबंध त्या घटनेशी जोडला जातो. मला स्वतःला तसे जोडून ऐकायला आवडत नाही; कोमल गंधार आपले काम स्वतः करतो. पण दुसऱ्या आणि शेवटच्या भागात, मिन्युएट या तीन मात्रांच्या नृत्यचालीच्या मध्यावर, सगळे थांबून पियानो एकटा शुद्ध गंधारासह त्याच पांढरी तीनवर अतिशय हळुवार चाल धरतो आणि मग व्हायोलिन ती त्याच्याकडून घेते. षड्ज हललेला नाही, केवळ स्वर शुद्ध झाले आहेत. ध्वनिमुद्रण मिळाले तर आपण एवढाच तुकडा चार वेळा ऐकावा.

प्रश्न : एका भागानंतर मी टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. दाद द्यायची तरी केव्हा?
— एक वाचिका, अलकापुरी, बडोदे

उत्तर : सगळे भाग संपल्यावर, वादकाने गज खाली घेतल्यानंतर. भागांमध्ये शांत राहण्याची ही पद्धत बरीच अलीकडची आहे. मोझार्टच्या काळी लोक मध्येच टाळ्या वाजवत आणि त्याला ते आवडे, हे त्याच्या पत्रांतून दिसते. त्यामुळे आपण मनाला लावून घेऊ नये.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि चार वर्षांपासून हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकते. मैफलीनंतर तिने मोझार्टचा मिन्युएट वाजवायचा हट्ट धरला आहे. तिला आपल्या व्हायोलिनवर तो बसवता येईल का? तिच्या गुरुजींना हे विचारण्याचा मला संकोच वाटतो.
— एक पालक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : गुरुजींना जरूर विचारावे आणि त्यांच्या संमतीनेच पुढे जावे. मात्र त्याआधी अडचणी आपल्याला माहीत असाव्यात.

पहिली अडचण तारांची. आपल्या मुलीच्या व्हायोलिनच्या तारा बहुधा षड्ज-पंचमात, सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशा लावलेल्या असतील. पाश्चात्त्य पद्धतीत जाड तारेपासून जी, डी, ए, ई, म्हणजे पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन अशा तारा लावतात आणि प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात असते. त्यामुळे बोटांचा सगळा हिशेब बदलतो. शिवाय ई ही तार बारीक आणि बरीच ताणलेली असते. षड्जासाठी उतरवलेली तार पुन्हा पुन्हा तेवढी चढवली तर ती तुटते आणि खुंट्याही सैल होतात. शक्य असेल तर या कामासाठी एक साधे दुसरे व्हायोलिन ठेवावे.

दुसरी अडचण बैठकीची. आपल्याकडे मांडी घालून बसतात आणि व्हायोलिनचे टोक उजव्या पावलावर टेकवतात, त्यामुळे वाद्य स्थिर राहते आणि डावा हात मींड घ्यायला पूर्ण मोकळा होतो. पाश्चात्त्य वादक ते हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरतो. या वयात शरीर लवकर शिकते, पण मान आणि खांदा दुखू लागल्यास त्याकडे दुर्लक्ष करू नये. जाणकाराकडून पकड तपासून घ्यावी.

तिसरी गोष्ट मींडेची. ज्या मुलीचा हात चार वर्षे स्वरातून स्वरात घसरत जाण्यात तयार झाला आहे, तिला स्वर सरळ, कण न लावता ठेवणे सुरुवातीला कोरडे वाटेल. मिन्युएट त्या दृष्टीने चांगली निवड आहे, कारण लय मध्यम आहे आणि चाल गाऊन पाठ करता येते. तिने आधी ती सरगमात लिहून, पांढरी तीनचा षड्ज धरून गावी. लिहून शिकणे आपल्या शहराला नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली मौलाबक्षांनी १८८६ मध्ये येथे जी गायनशाळा सुरू केली, तेथे स्वरलिपीच्या पुस्तकांवरूनच मुले शिकत होती, आणि सूरसागराजवळची आजची संगीताची विद्याशाखा तिचाच वारसा सांगते. नंतर पाच रेघांची लिपी शिकायला तिला काही महिने पुरतील.

आणि सर्वांत आधी तिच्यासाठी पियानो वाजवणारी व्यक्ती शोधावी, मग पियानोऐवजी साधा कीबोर्ड असला तरी चालेल. या मिन्युएटची सुरुवात पियानो एकटाच करतो. त्याची चाल पूर्ण होईपर्यंत व्हायोलिनला गज हातात धरून थांबावे लागते. तिने पहिल्या आठवड्यात एवढेच करावे: पियानोशेजारी उभे राहून ती चाल ऐकावी, मनात मात्रा मोजाव्या आणि आपली जागा आली की श्वास घेऊन पहिला स्वर लावावा.